बडोद्यात जुनी गाडी घेताना मालकीची पडताळणी : ॲप, कागद की आरटीओ?

जुन्या गाडीची मालकी तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे केंद्र सरकारचे एमपरिवहन ॲप. जीजे-06 ने सुरू होणारा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि मुख्य म्हणजे सध्याचा मालक कितवा, हे फुकटात कळते. मात्र मालकाचे नाव अर्धेअधिक फुल्यांनी झाकलेले असते आणि आधीच्या मालकांची नावे तर दिसतच नाहीत.

त्याहून मोठी मर्यादा अशी की ॲप फक्त नोंदवलेली मालकी दाखवते. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाला रावपुऱ्यात एक हॅचबॅक दाखवली गेली, तेव्हा ॲपवर 'पहिला मालक' असेच होते. विकणाऱ्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून मालकी बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 काढले. त्यांवर सही होती, तारखेची जागा कोरी होती आणि आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे, नाव विकणाऱ्याचे नव्हतेच. गाडी मधल्या काळात किती हातांतून गेली, हे सरकारी नोंदीला माहीत असण्याचे कारणच नव्हते. त्याच राज्यात गाडी विकल्यावर विक्रेत्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 50 सांगते. ते पाळले गेले नाही, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावरच येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेला आहे.

म्हणून कागद पाहण्याला माझ्या मते ॲपपेक्षा अधिक किंमत आहे. विम्याच्या जुन्या पॉलिसी मागाव्यात. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. पाच वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या, दावा न केलेल्या गाडीवर तो 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, आणि तो शून्य दिसला तर दावा झाला की मालक बदलला, हे विचारावेच. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डांवर गाडी आणणाऱ्याचे नाव आणि किलोमीटर दोन्ही असतात. चेसिस क्रमांक मात्र फडक्याने पुसून, बोट ठेवून, आरसीशी अक्षरागणिक जुळवावा. (दलालाला याचा कंटाळा येतो, येऊ द्यावा.)

पैसे घेऊन अहवाल देणाऱ्या खासगी संकेतस्थळांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही.

दरजीपुऱ्याच्या आरटीओत खेटा घालण्यात वेळ जातो, पण दोन प्रसंगी तो टाळू नये. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र पुरेसे नसते. फॉर्म 35 देऊन बोजा नोंदीतून उतरलेला असला पाहिजे. गाडी मुंबईची किंवा इंदूरची असेल, तर मूळ आरटीओचे फॉर्म 28 वरील ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय व्यवहार करू नये, आणि सोबत एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीत ती चोरीची नाही ना, हेही पाहावे.

थोडक्या बजेटची, जीजे-06 चीच, खरोखर पहिल्या मालकाकडून मिळणारी गाडी असेल, तर ॲप आणि पॉलिसी पाहून एका संध्याकाळी निर्णय घेता येतो. विकणारा आणि आरसीवरचा माणूस वेगळे असतील, तर आरसीवरच्या माणसाला समोर बसवून सही घ्यावी आणि ठरलेल्या रकमेतला काही भाग नाव चढेपर्यंत स्वतःकडेच ठेवावा. मावसभावाने ही अट घातली, तेव्हा विकणाऱ्याने फोल्डर मिटले आणि पुन्हा फोन केला नाही.