ईएमडीआर: डोळे फिरवायचे पैसे वसूल झाले का?

इंदूरजवळच्या भेरूघाटातल्या अपघातानंतर मोडलेलं हाड जुळलं, पण झोप गेली ती गेलीच. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हातपाय गार पडायचे. खंडवा रोड सोडा, भंवरकुआं चौकातसुद्धा मी रिक्षातून उतरून पायी चालायला लागायचे. पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात रुतून बसलेल्या आघाताच्या आजाराचं, निदान झालं आणि ईएमडीआर सुचवलं गेलं: नजर डावी-उजवीकडे फिरवत ती आठवण हाताळायचा मानसोपचार. आई म्हणाली, "बोटामागे डोळे फिरवायचे, न त्याचे एवढे पैसे?"

आधी जिथे गेले तिथे पहिल्याच भेटीत बोट नाचवायला सुरुवात झाली. घरी येऊन रात्रभर थरथरत होते. तिथे परत पाऊल टाकलं नाही. या पद्धतीचे आठ टप्पे असतात आणि डोळ्यांचं काम येतं चौथ्यात, हे मला दुसऱ्या थेरपिस्ट बाईंनी सांगितलं. त्यांनी आधी सगळी हकीकत विचारली, मग मन शांत करायला शिकवलं. शांत वाटणारी एखादी जागा आठवा म्हणाल्या, तर मी रात्रीचा सराफा, म्हणजे इंदूरची गजबजलेली खाऊगल्ली, सांगितला. हसल्या बिचाऱ्या.

मग खरं काम. समोरून आलेला हेडलाइटचा झोत डोळ्यांपुढे आणायचा, त्रास किती ते शून्य ते दहात सांगायचं आणि त्यांची दोन बोटं डावी-उजवीकडे जातील तशी नजर न्यायची. थोड्या वेळाने थांबून एकच प्रश्न: "आता काय येतंय?" मी नऊवर होते. एकदा झोताऐवजी क्लीनरचा पिवळा गमछाच दिसायला लागला. त्याने मला दार उघडून बाहेर काढलं होतं, हे मी पार विसरले होते. त्या दिवशी चारवर आले. दुसऱ्या दिवशी मात्र डोकं जड आणि स्वप्नं भयंकर; सेशननंतर सुट्टी ठेवाच.

फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 मध्ये ही पद्धत सुरू केली, आणि 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी तिची शिफारस केली. तरी डोळे फिरवण्यानेच गुण येतो का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. माझे डोळे चुरचुरायचे तेव्हा बाई गुडघ्यांवर आलटून-पालटून टिचक्या मारायला लावायच्या. मला फरक जाणवला नाही. माझ्या मते अर्धी किमया त्या तयारीची आहे.

आता हॉर्न वाजला की दचकते, पण रिक्षातच बसून राहते. रात्री घाटातून जायची हिंमत अजून नाही. कुणी जाणार असाल तर फोनवरच विचारा: ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं, आणि पहिल्या भेटीत काय करणार? "लगेच सुरू करू" म्हणाले, तर दुसरा नंबर लावा.