आधी अ‍ॅस्टेअर की आधी केली?

जुन्या हॉलिवूडच्या संगीतपटांतले दोन मोठे नर्तक, फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जीन केली. आधी कुणाचे चित्रपट पाहावेत? 'झिगफेल्ड फॉलीज' (1946) मध्ये दोघं एकत्र नाचले आहेत. तेवढं पाहून कौल देऊन टाकावा असं पुष्कळांना वाटतं, पण तसं करू नका. त्या नाचाचं गर्श्विन बंधूंचं गाणं अ‍ॅस्टेअरने 1927 साली बहीण अडेलबरोबर ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, केलेलं, म्हणजे त्याच्या घरचं अंगण. शिवाय दोघंही एकमेकांचा मान ठेवून, हात राखून नाचतात. निवड करायची असेल तर दोघांना आपापल्या चित्रपटांतच पाहायला हवं.

दोघांची घडण वेगळी. अ‍ॅस्टेअर (1899–1987) लहानपणापासून बहिणीबरोबर व्होडव्हिलमध्ये, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या फिरत्या कार्यक्रमांत, वाढला. अडेलने 1932 मध्ये लग्न करून रंगभूमी सोडली, तेव्हा हा तिशी ओलांडलेला, जोडीदार नसलेला नर्तक होता. पुढच्याच वर्षी तो पडद्यावर आला आणि 1939 पर्यंत नायिका जिंजर रॉजर्सबरोबर आरकेओ स्टुडिओसाठी त्याने नऊ चित्रपट केले. केली (1912–1996) पिट्सबर्गचा. अर्थशास्त्र शिकलेला, घरच्या नृत्यशाळेत मुलांना शिकवणारा, 1940 मध्ये ब्रॉडवेवर नाव झालं आणि 1942 मध्ये चित्रपटात आला. पहिला घडला टाळ्या घेणाऱ्या रंगमंचावर, दुसरा शिकवता शिकवता, आणि हा फरक शेवटपर्यंत दिसतो. अ‍ॅस्टेअर कष्ट लपवतो, केली ते दाखवतो.

शरीराकडे पाहा. केली गुडघे वाकवून, वजन खाली ठेवून नाचतो. खांदे, मांड्या, हात सगळं कामाला लागलेलं. पावलं दिसावीत म्हणून तो पांढरे मोजे आणि साधे बूट घालतो. अ‍ॅस्टेअरचं वजन वर उचललेलं, धड सरळ, आणि ताल मात्र चमत्कारिक ठिकाणी तोडलेला. आपल्याकडे तबल्याच्या साथीत कथक ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळेल: सम कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो तिच्या अलीकडे पलीकडे रेंगाळू शकतो. त्याचे हात मोठे होते. ते लहान दिसावेत म्हणून तो मधली बोटं आत दुमडतो. एकदा लक्षात आलं की प्रत्येक नाचात दिसतं.

चित्रीकरणाच्या पद्धतीतही दोन टोकं. नाचताना डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस चौकटीत हवा आणि तुकडे कमीत कमी हवेत, हा अ‍ॅस्टेअरचा आग्रह. म्हणून तालमी फार. नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन आणि तो आधी सगळं बसवायचे, तालमीत जिंजरची जागा पॅन घ्यायचा आणि मग तिला शिकवायचा. टॅपचा, म्हणजे बुटांच्या ठोक्यांचा, आवाज नंतर वेगळा ध्वनिमुद्रित व्हायचा. या पद्धतीत चूक कुठेही झाली तरी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. 'स्विंग टाइम' (1936) मधल्या शेवटच्या नाचासाठी 47 टेक झाले आणि जिंजरच्या पायांतून रक्त आलं, ते यामुळेच.

केलीने कॅमेऱ्यालाच नाचात घेतलं. 'कव्हर गर्ल' (1944) मध्ये तो स्वतःच्याच प्रतिबिंबाबरोबर नाचतो. त्यात एकाच नाचाचं चित्रीकरण दोनदा, मात्रेला मात्रा जुळवून करावं लागलं. 'अँकर्स अवे' (1945) मध्ये जोडीला कार्टूनमधला उंदीर आहे. 'समर स्टॉक' (1950) मध्ये फक्त एक करकरणारी फळी आणि एक वर्तमानपत्र. तो पायाने कागदाचे सरळ दोन भाग करतो, मग चार. कल्पकतेत तो कुठेच उणा नाही. 'सिंगिंग इन द रेन' (1952) मधल्या पावसाच्या नाचाबद्दल नवं काय सांगणार? डबकी नेमकी हवी तिथे व्हावीत म्हणून रस्त्यात खड्डे केले होते आणि केलीला 103 अंश ताप होता. तरी पडद्यावर दिसतो तो निव्वळ आनंद.

मग अडतं कुठे? केलीच्या बॅलेपाशी, म्हणजे शब्दांवाचून निव्वळ नाचात रंगवलेल्या लांब प्रसंगापाशी. माझ्यापुरता निकाल याच एका गोष्टीने लावला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्याच्या मोठ्या चित्रपटांत कथा छान रंगात आलेली असताना एक लांबलचक बॅले येतो. 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस' (1951) मध्ये तो सुमारे सतरा मिनिटांचा, एकही संवाद नसलेला. फ्रेंच चित्रकारांच्या शैलीतले देखावे एकामागून एक. देखणा आहे, पण प्रेमकथेची गाठ त्यात सुटत नाही. तो संपल्यावर झटकन सोडवून टाकतात. 'ऑन द टाउन' (1949) मध्ये तर बॅले सुरू होतो तेव्हा सिनात्रासकट चार जोडीदार नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी बॅले शिकलेले दुसरेच नर्तक उभे राहतात. तासभर ज्यांच्याबरोबर न्यूयॉर्क हिंडलो ती माणसंच नाहीत. 'सिंगिंग इन द रेन' मध्येही तेच. तेरा मिनिटांच्या बॅलेत नायिका डेबी रेनल्ड्स नाही, डोनाल्ड ओकॉनर नाही, आणि कथेशी काडीचाही संबंध नसलेली सिड चॅरिस येते. ती अप्रतिम नाचते, पण बॅले संपल्यावर स्टुडिओचा मालक म्हणतो की हे आपल्या डोळ्यांसमोर नीटसं येत नाही, आणि गोष्ट होती तिथूनच पुढे सरकते.

संगीत नाटकावर पोसलेल्या आपल्या प्रेक्षकाला पदासाठी कथानक थांबणं नवं नाही. वन्समोअरही आपलेच. पण तिथे पद त्या पात्राचंच असतं. इथे पात्र बाजूला राहतं आणि केली आपण किती मोठं काही करतो आहोत ते दाखवू लागतो.

अ‍ॅस्टेअरकडे नाचातच गोष्ट पुढे जाते. 'टॉप हॅट' (1935) मध्ये तो हॉटेलच्या खोलीत टॅप करतो, खालच्या खोलीतल्या जिंजरची झोप मोडते, ती तक्रार घेऊन वर येते. ती परत गेल्यावर तो जमिनीवर वाळू पसरून इतकं हळुवार नाचतो की तिला झोप लागते. ओळख, भांडण, आर्जव, सगळं पायांनी. 'स्विंग टाइम' मध्ये तिची नोकरी वाचवायला तो नाच येत नसल्याचं सोंग टाकून देतो. त्यातला शेवटचा नाच म्हणजे निरोप, आणि आधीच्या नाचांतल्या हालचाली त्यात पुन्हा येतात. ते 47 टेक कशासाठी होते, ते तिथे कळतं.

त्याच्याही बाजूला खटकणारं आहे. आरकेओच्या कथा म्हणजे बहुधा गैरसमजांची मालिका. एका वाक्याने मिटेल ते भांडण तासभर चालतं. 'स्विंग टाइम' मध्येच कृष्णवर्णीयाचं सोंग म्हणून तोंडाला काळं फासून केलेला एक नाच आहे, तो आज बघवत नाही. पन्नाशीनंतर त्याच्या नायिका तीस तीस वर्षांनी लहान झाल्या. 'द बँड वॅगन' (1953) मध्ये त्यालाही लांब बॅले आहे, पण तिथे कथेतच रंगमंचावरचा प्रयोग चालू असतो, म्हणून तो कमी टोचतो. हे सगळं मी चालवून घेऊ शकतो. तुम्हाला ते जमलं नाही आणि कृष्णधवलचा कंटाळा असेल, तर केलीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. घरात लहान मुलं असतील तर मीही तेच सुचवेन.

पाहण्याआधी एक काम मात्र करा. इथे सांगितलेल्या या जुन्या चित्रपटांची चौकट जवळपास चौरस, रुंदी उंचीच्या 1.37 पट. आजच्या टीव्हीची 1.78 पट. पडदा भरावा म्हणून झूम ठेवलं तर उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो, आणि अ‍ॅस्टेअरच्या बाबतीत तो हिस्सा म्हणजे पाय. सेटिंगमध्ये झूम बंद ठेवा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. शक्य असेल तर हेडफोन लावा, टॅपमधले बारीक ठोके टीव्हीच्या स्पीकरवर विरून जातात.

क्रम विचाराल तर आधी 'टॉप हॅट', मग 'स्विंग टाइम', आणि त्यानंतर लागोपाठच्या दोन रात्री 'सिंगिंग इन द रेन' आणि 'द बँड वॅगन'. या दोन्हींचा निर्माता आर्थर फ्रीड, लेखक कॉम्डेन आणि ग्रीन, स्टुडिओ एमजीएम आणि नर्तकी सिड चॅरिस. इतकी सारखी जोडी तुलनेला दुसरी मिळणार नाही. पहिल्या रात्री ती बॅलेत येते आणि बॅलेबरोबर जाते. दुसऱ्या रात्री ती आणि अ‍ॅस्टेअर, एकत्र नाचता येईल की नाही याच चिंतेत असलेले दोघं, सेंट्रल पार्कच्या सेटवर घोडागाडीतून उतरतात. नाचणाऱ्या गर्दीतून चालत पुढे जातात. चालता चालता पावलं जुळतात आणि चालण्याचा नाच कधी झाला ते सांगता येत नाही. संपतो तेव्हा दोघं पुन्हा गाडीत जाऊन बसलेले असतात, चिंता मिटलेली असते, आणि त्यासाठी कुणी एक शब्द बोललेलं नसतं.