येशूची कथा पडद्यावर: एकच चित्रपट की अनेक पर्वांची मालिका?

येशूचे चरित्र पडद्यावर सांगण्याचे दोन मार्ग आज ठळकपणे दिसतात: दोन तासांचा चित्रपट आणि वर्षानुवर्षे चालणारी मालिका. मेल गिब्सन यांचा २००४ मधील 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' हा चित्रपट प्रामुख्याने येशूच्या अखेरच्या बारा तासांवर खिळून राहतो, आणि अरामी, हिब्रू व लॅटिन संवादांमुळे प्रेक्षक कथेचा श्रोता न राहता वेदनेचा साक्षीदार होतो. शिष्यांची ओळख त्याला आधीच असावी, असे येथे गृहीत धरलेले आहे. हिंसा तर सर्वांनाच सोसवेल अशी नाही.

डॅलस जेन्किन्स यांची 'द चोझन' ही मालिका मात्र येशूचा शिष्य पेत्र याच्या संसारात, त्याच्या कर्जात आणि शिष्यांच्या आपसांतील कुरबुरींत शिरते. दुसरा एक शिष्य मत्तय जकातदार होता, यापलीकडे त्याच्या स्वभावाविषयी शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूची चरित्रे, जवळजवळ मौन बाळगतात. ती रिकामी जागा लेखक कल्पनेने भरतात. मालिकेचे बळ यातच आहे आणि धोकाही यातच, कारण काही भागांनंतर मूळ वचन कोणते व जोड कोणती, हे जाणकारालाही चटकन सांगता येत नाही.

पैशाची वाटही वेगळी. गिब्सन यांनी पदरचा पैसा घातला, तर मालिकेच्या पहिल्या पर्वासाठी सामान्य प्रेक्षकांनी १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली.

ही कथा प्रथमच पाहणाऱ्याने मालिकेपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. शुभवर्तमान जवळ ठेवून पाहिली तर अधिक बरे.