अभियांत्रिकी की विज्ञान? कोथरूडमधल्या समुपदेशनाचा आमचा अनुभव

लेकीचं बारावीचं वर्ष चालू असताना जानेवारीत आम्ही पुण्यात कोथरूडला एका निवृत्त भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकांकडे गेलो. दोन बैठका, मिळून 2,000 रुपये. 5 पैकी साडेचार तारे.

मी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे, बीएस्सी केमिस्ट्री. 22 हंगाम रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) आणि पोल (साखरेचं प्रमाण) काढतोय. माझ्याबरोबर लागलेले इंजिनिअर कुठल्या कुठे गेले, ते रोज बघतो. त्यामुळे पोरगी इंजिनिअरिंगलाच जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. आधी एका ठिकाणी संगणकावर कल चाचणीही दिली होती. तिथे 6,000 रुपये गेले, रंगीत आलेखांची फाइल मिळाली आणि इंजिनिअरिंग, विज्ञान दोन्हीकडे कल ‘उत्तम’ निघाला.

कोथरूडच्या बाईंनी मार्क विचारलेच नाहीत. “बाळ, कशाचं कोडं पडलं होतं आणि अजून सुटलं नाही, असं काही आहे का?” लेक म्हणाली, पप्पांच्या लॅबमधला पोलारिमीटर. साखरेमुळे प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती फिरते, ते मोजून साखरेचं प्रमाण काढायचं हे यंत्र. आठवीत असताना मी तो तिला दाखवला होता. नळीत साखरेचं पाणी भरलं की भिंगातल्या वर्तुळाचा एक अर्धा भाग गडद होतो. चकती फिरवून दोन्ही अर्धे सारखे करायचे आणि अंश वाचायचे. साखरेमुळे प्रकाश फिरतो कसा, असं तिने तेव्हा विचारलं होतं म्हणे. मी “फिरतो बघ” म्हणून कामाला लागलो होतो. मला आठवतही नव्हतं.

बाईंनी विचारलं, “ते यंत्र आणखी चांगलं करावं असं वाटलं, की प्रकाश का फिरतो तेच हवं होतं?” “का फिरतो तेच.” एवढ्या उत्तरावर त्यांनी निकाल दिला नाही, हे मला फार आवडलं. दुसऱ्या बैठकीला बीएस्सी फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग, दोन्हींचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांचे अभ्यासक्रम छापून ठेवले होते. पेन्सिल हातात दिली आणि वाचावंसं वाटेल तिथे खूण करायला सांगितलं. पाऊण तास पोरगी मान वर न करता बसली. प्रकाशशास्त्र, क्वांटम, थर्मोडायनामिक्स, सगळीकडे खुणा. सिग्नल्सच्या विषयालाही दोन होत्या. मायक्रोप्रोसेसरचं पान मात्र कोरंच उलटलं. चार वर्षं रोज काय वाचावं लागणार, हे आम्हाला आधी कुणी दाखवलंच नव्हतं.

माझी भीती बाईंनी उडवून लावली नाही. साध्या बीएस्सीवर नोकरी अवघड आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग पुढच्या वाटा सांगितल्या: जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांचा 5 वर्षांचा बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र), बोर्डात वरच्या 1 टक्क्यात आल्यास इन्स्पायर या सरकारी शिष्यवृत्तीचे वर्षाला 80,000 रुपये. बारावीला गणित असेल तर बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, हे मला मुळीच माहीत नव्हतं. होमी भाभांनीही घरच्यांच्या इच्छेखातर केंब्रिजला आधी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि मगच भौतिकशास्त्र धरलं, हे त्यांनी सांगितल्यावर लेक माझ्याकडे बघत राहिली.

अर्धा तारा कापला तो खर्चासाठी. वसतिगृह, मेस, पाच वर्षांची फी यावर दहाच मिनिटं मिळाली. आमच्यासारख्यांचा खरा प्रश्न तिथेच असतो. आयसरच्या परीक्षेत 60 पैकी 15 प्रश्न जीवशास्त्राचे असतात, हेही निघता निघता कळलं. आमच्या पोरीने जीवशास्त्र अकरावीलाच सोडलेलं.

आता इंजिनिअरिंगची सीईटी आणि आयसर, दोन्ही अर्ज भरलेत. सीईटी माझ्या आग्रहाखातर. जायचं असेल तर निकालाची वाट बघू नका, बारावीच्या प्रात्यक्षिकांआधीच वेळ घ्या. आयसरच्या अर्जाची मुदत निकालाआधीच संपते.