ऑक्टाव्हिया आरएसचे ब्रेक पॅड दोनदा बदलले: 11 महिने, 18 हजार किलोमीटर

माझी गाडी 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230. दोन लिटर टर्बो पेट्रोल, 230 पीएस, 350 न्यूटन मीटर. पुण्याहून सेकंड हँड आणली. राहतो जळगावला, धंदा पंप आणि मोटारीचा. त्यामुळे रोजचं फिरणं भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव असं, आणि महिन्यातून एक-दोनदा कन्नड घाट चढून संभाजीनगर. रेसिंग ट्रॅकवर गाडी कधी नेलेली नाही, नेणारही नाही. हे आधीच सांगतो, कारण पहिले पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून गाडी थांबवतात ते तुकडे) घेताना मी नेमकं हेच विसरलो होतो.

सुरुवात कन्नड घाटातच झाली. संभाजीनगरहून लग्न आटोपून येत होतो, गाडीत चौघं आणि डिकी गच्च. घाट निम्मा उतरलो तेव्हा ब्रेक दाबल्यावर पेडल कडक लागतंय, पण गाडी थांबायला तयार नाही, असं झालं. केस जळाल्यासारखा वास सुटला. गिअर खाली टाकत टाकत कसाबसा पायथा गाठला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने चाक काढलं तर आधीच्या मालकाने बसवलेले पॅड निघाले, त्यावर कंपनीचं नावसुद्धा नाही. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला, नख घासलं तरी घसरत होतं.

मग मी पॅडच्या अभ्यासाला लागलो. पंधरा दिवस रात्री मोबाइल घेऊन बसायचो. ईबीसी कंपनीच्या पॅडचे हिरवे, लाल, पिवळे, निळे रंग पाठ झाले, फेरोडो कंपनीचा डीएस2500 पॅड कुठे वापरतात तेही वाचलं. वाचून वाचून डोक्यात एकच बसलं की जितकं जास्त तापमान सहन करेल तितका पॅड चांगला. इथेच फसलो. ट्रॅक आणि रस्ता दोन्हीकडे चालणारा म्हणून विकतात तसा सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू जास्त असलेला पॅड मागवला, फक्त पुढचा सेट, 16 हजार रुपये. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माल खोटा नव्हता, निवड माझी चुकली होती. मिस्त्रीने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "कसाले इतला पैसा खर्च करस भो?" तेव्हा मी हसलो होतो.

एक गोष्ट मात्र बरोबर केली. ऑर्डरच्या आधी डिकीत स्पेअर व्हीलपाशी चिकटवलेल्या स्टिकरवरचा पीआर कोड, म्हणजे गाडीला कारखान्यात कोणते भाग बसवले ते सांगणारा कोड, पाहून घेतला. एकाच मॉडेलला वेगवेगळे कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) आणि डिस्क येतात, त्यामुळे नुसतं "2017 ऑक्टाव्हिया" सांगून पॅड मागवला तर बसेलच याचा भरवसा नाही. पण पॅड झिजल्याचं सांगणाऱ्या सेन्सरची वायर नव्या पॅडला आहे का, हे बघायचं राहिलं. नव्हतीच. डॅशबोर्डवर ब्रेकचा पिवळा दिवा चार महिने पेटलेला, घरचे रोज विचारायचे हा कशाचा दिवा.

पॅड बसवले की लगेच नेहमीसारखी गाडी चालवायची नसते. पहाटे पाच वाजता पाळधी ते एरंडोल पट्ट्यात गेलो. मागेपुढे कोणी नाही बघून 80 वरून 20 पर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत 80. असं दहा वेळा. मग दहा-बारा किलोमीटर शक्यतो ब्रेकला पाय न लावता गाडी पळवायची, म्हणजे सगळं थंड होतं. यात पॅडच्या मटेरियलचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. तापलेल्या अवस्थेत ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहिलं तर तो थर एकाच जागी चिकटतो, पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते.

आता पहिल्या पॅडचा अनुभव. गरम झाल्यावर ब्रेक अप्रतिम. पायाखाली दगड असल्यासारखं घट्ट पेडल, घाटात दहाव्या वळणालाही पहिल्या वळणासारखाच ब्रेक. पण मी दिवसभरात घाट किती उतरतो? डिसेंबरात सकाळी गल्लीतून निघालं की पहिले दोन-तीन ब्रेक लाकडी लागायचे. पाय दाबतोय आणि गाडी आपल्या मनाने पुढे सरकतेय. एकदा तर कोपऱ्यावर दूधवाल्याच्या सायकलपासून वीतभर अंतरावर थांबलो. दुसरं म्हणजे आवाज. हळू वेगात असा किंचाळायचा की आई घरातूनच म्हणायची, "आला वाटतं, चहा ठेव." बायकोचं मत होतं की 230 पीएसच्या गाडीला जुन्या एसटीचा आवाज बसवायला आपण 16 हजार मोजले. तिसरं म्हणजे धूळ. आठवड्यात पुढची दोन्ही चाकं काळी. पावसात ती भिजली की लोखंडी कणांचे गंजके ठिपके अलॉयवर बसायचे. शाम्पूने निघत नाहीत, अजून आहेत.

हे सगळं चालवून घेतलं असतं, पण तोरणमाळने डोळे उघडले.

शहाद्याकडून सातपायरी घाटाने वर गेलो, यशवंत तलाव पाहिला, दुपारी उतरायला लागलो. भारी पॅड आहेत म्हणून बेफिकीर होतो, ऑटोमॅटिक गिअर डीमध्येच आणि पाय ब्रेकवर. अर्ध्या उतारावर पेडल मऊ झालं. आधी थोडं, मग जवळजवळ तळापर्यंत. दोनदा पंप केल्यावर थोडा ब्रेक मिळाला, रुंद वळण बघून गाडी बाजूला लावली आणि मागच्या चाकाला दगड लावला. पाऊण तास तिथेच बसलो.

कन्नड घाटातला प्रकार आणि हा प्रकार वेगळा आहे, आणि हा फरक ओळखता आला पाहिजे. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, तर पॅडने हात टेकले. पेडलच खाली जातंय, तर पायाचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय रिकामाच आत जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 230 अंश, ओलावा शोषल्यावर 155 वर येतो. डॉट 5.1 चा 260 आणि 180. गाडीतलं ऑइल कधी बदललं होतं कोण जाणे. मी पॅडवर 16 हजार घातले आणि हजारभर रुपयांचं ऑइल तसंच ठेवलं. त्यात पॅडमध्ये धातू जास्त, म्हणजे डिस्कची उष्णता पॅड दाबणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे पोचवायला तोच मदत करत होता.

घरी येऊन हिशेब मांडला. माणसं धरून गाडी साधारण 1,700 किलो. 100 च्या वेगाने जाताना एकदा पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये साधारण 6.5 लाख ज्यूल उष्णता जाते. तीच गाडी 100 मीटर उंची खाली उतरली तर साधारण 16.7 लाख, म्हणजे अडीच वेळा थांबवल्याइतकी. तोरणमाळ हजार मीटरहून उंच, शहादा खाली मैदानात. काही भाग हवा आणि टायर खातात, इंजिनाला खायला लावलं तर तेही खातं. मी लावलंच नव्हतं. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आमच्याकडचा केळीच्या गाडीवरचा ड्रायव्हरसुद्धा सांगेल.

दुसऱ्यांदा घेताना आधी स्वतः किती उष्णता तयार करतो ते मोजलं. दुकानात मोटारीचं बेअरिंग तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर आहेच, तो गाडीत टाकला. डिस्कचा चकचकीत भाग मोजला तर आकडा खोटा कमी येतो; कडेची गंजकी पट्टी, जिथे पॅड घासत नाही, तिथे मोजायचं. शहरात 90 ते 130 अंश, भुसावळ हायवेवर त्याच्या आसपास, कन्नड घाट नीट गिअरमध्ये उतरून पायथ्याशी 240. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना 260. या आकड्यांना ट्रॅकचा पॅड लागतच नाही.

म्हणून आता जो लावलाय तो सिरॅमिक जातीचा, रस्त्यासाठीचा. किंमत साडेअकरा हजार, सेन्सरची वायर सोबत. दोन गोष्टी बघून घेतला. एक, ईसीई आर90 या पॅडच्या मानकाचा शिक्का, म्हणजे मूळ पॅडच्या तुलनेत 15 टक्क्यांच्या आत वागणूक. दुसरं, कडेला छापलेली दोन अक्षरं. पहिलं अक्षर साधारण तापमानाची पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ 0.35 ते 0.45, जी 0.45 ते 0.55. माझ्या पॅडवर एफएफ आहे. जीजी दिसलं की हात शिवशिवतो, पण गल्लीत आणि बाजारात एफएफच गोड चालतो. सोबत डॉट 5.1 भरून एअर काढून घेतली, कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लायडर पिन साफ करून ग्रीस लावलं. डॉट 5 हे वेगळंच, सिलिकॉनचं ऑइल असतं, नावाला फसून ते भरू नका.

सात महिने आणि 13 हजार किलोमीटर झाले. सकाळचा पहिला ब्रेक आणि दुपारचा ब्रेक सारखाच लागतो. आवाज नाही. फक्त पावसाळ्यात ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली काळी माती पॅडमध्ये अडकते तेव्हा करकर होते, पाण्याचा फवारा मारला की जाते. धूळ फिकट आणि थोडी. पकड पहिल्या पॅडइतकी चावरी नाही, हे मान्य. तोरणमाळ पुन्हा एकदा केला, यावेळी स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्यांनी (पॅडल शिफ्टर) दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, आणि ब्रेक सतत धरून न ठेवता दाबायचा-सोडायचा. खाली 270 आलं, पेडल जागच्या जागी. मटेरियल नवीन असताना 11 मिलिमीटर होतं, आता 8 भरतं.

आणखी एक, कारण सगळे हेच विचारतात: ब्रेक मारल्यावर गाडी आधीपेक्षा लवकर थांबते का? थंड गाडीला एकदाच करकचून ब्रेक मारला तर फरक नाही. चाक लॉक होऊ न देणारा एबीएस जुन्या पॅडवरही लागत होता, म्हणजे मर्यादा टायरची होती. पॅडचा फरक दिसतो तो सातव्या-आठव्या ब्रेकला. तुमचं फिरणं जळगाव ते धुळे हायवे एवढंच असेल, तर कंपनीचा मूळ पॅड घ्या आणि उरलेल्या पैशात टायर बघा.

मागचे पॅड अजून जुनेच आहेत, 4 मिलिमीटर उरलेत. दिवाळीनंतर तेही याच मटेरियलचे घालणार आहे. ट्रॅकवाला सेट डब्यात घालून दुकानाच्या माळ्यावर ठेवलाय, निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. मिस्त्री दर वेळी विचारतो, "विकना का भो?"