सोसायटीच्या आवारात पाणी जिरवायचंय: सच्छिद्र पेव्हर की पर्जन्यबाग?

पावसाचं पाणी रस्त्यावर सोडायचं नाही, आवारातच जिरवायचं, एवढं सभेत ठरलं की पुढचा वाद हाच. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत दोन्ही करून झालंय, म्हणून चार शब्द.

सच्छिद्र पेव्हर म्हणजे मधल्या फटींतून पाणी खाली सोडणारे फरसबंदीचे ब्लॉक. त्यांची मोठी सोय म्हणजे जागा जात नाही. वर गाड्या, खाली खडीच्या थरात पाणी. पार्किंगवरून जिथे रोज खटके उडतात, तिथे ही लहान बाब नाही. पहिल्या पावसाळ्यात आमचे पेव्हर झकास चालले.

मग फटी बुजल्या. शेजारी बांधकाम, त्याची धूळ. सकाळचा खराटा पाचोळा गोळा करतो आणि बारीक माती नेमकी फटींत लोटतो. वर शेवाळ धरलं की पाणी साध्या ब्लॉकवरून वाहावं तसं वाहून जातं. उपाय आहे: मे महिन्यात प्रेशरने फटी धुवायच्या, बारीक खडी पुन्हा भरायची. पण कमिटी बदलली की हे लक्षात ठेवणार कोण? एका दुरुस्तीत तर ‘गवत उगवतंय’ म्हणून गवंड्याने फटींत चक्क सिमेंट भरलं. माझं मन उडालं ते तिथेच.

पर्जन्यबाग म्हणजे गच्चीचं पाणी जिरवणारा, झाडं लावलेला उथळ खळगा. गाळ तिच्यातही येतो, पण तो डोळ्यांना दिसतो. माळी फावड्याने वरचा थर काढतो, झालं. 100 चौरस मीटर गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5,000 लिटर पाणी उतरतं. पाइपाखाली 10 चौरस मीटरचा, 20 सेंटिमीटर खोल खळगा केला तर त्यातलं 2,000 लिटर एका वेळी मावतं. पाऊस चालू असताना मुरत राहतं ते वेगळं, आणि वरचं ओव्हरफ्लोने चेंबरला. फक्त काळी माती तशीच ठेवू नका, ती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. ती काढून वाळू आणि कंपोस्ट मिसळलेली माती भरा. वाळा लावा, तो उन्हाळाही काढतो. कर्दळीला मात्र एप्रिल-मेमध्ये पाणी घालावं लागतं.

डासांचा मुद्दा सभेत येणारच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. नीट केलेल्या बागेत पाणी दिवस-दोन दिवसांत मुरतं.

चार-पाच दुचाकींची जागा जाईल, हे खरं. तुमच्याकडे तेवढीही जागा नसेल आणि फटी धुऊन घेणारा खमक्या सेक्रेटरी असेल, तर पेव्हर वाईट नाहीत. काहीही करा, इमारतीच्या पायापासून तीनेक मीटर लांब करा. आवाराखाली बेसमेंट असेल तर दोन्हींचा नाद सोडा.