स्वस्तात हॉलचं रूप बदललं. काही महिने वापरल्यावर त्यातलं काय टिकलं?

गडद तपकिरी सोफा, त्याच रंगाचं टीव्हीचं कपाट, जाडजूड पडदे, बदामी भिंती. एकेकाळी हे सगळं हौसेने निवडलेलं, भारदस्त वाटायचं. आता तीच खोली अंगावर येते. पण फर्निचर धडधाकट आहे आणि आवड बदलली म्हणून नवं घ्यायची ऐपतही नाही. त्यामुळे दिवे, पडदे, सोफ्याचं कव्हर, चिकटवायचा वॉलपेपर आणि कपाटाचा रंग, एवढ्यावरच हात फिरवला. पहिल्या आठवड्यात सगळंच छान दिसतं, तेव्हाच्या फोटोंवर काही ठरवू नये. खालचं सगळं चांगले काही महिने वापरून, धुऊन आणि थोडंफार उचकटून पाहिल्यानंतरचं आहे.

सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक पडला तो बल्बांनी. आधी 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) निळसर पांढरा उजेड होता आणि त्यात तपकिरी रंग मातकट दिसायचा. 2700 केल्विनचे बल्ब लावले आणि तोच सोफा बरा वाटायला लागला, निम्मी तक्रार तिथेच मिटली. घेताना वॅट नव्हे, ल्युमेन, म्हणजे प्रत्यक्ष उजेड किती पडतो ते बघा: जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बाइतका उजेड म्हणजे साधारण 800 ल्युमेन, आणि तेवढा 9 वॅटच्या आसपासचा एलईडी देतो. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) लिहिलेला असेल आणि तो 90 च्या वर असेल तर कापडांचे रंग खरे दिसतात. 80 वालेही चालतात, पण लाल आणि तपकिरी छटा जरा मेलेल्या वाटतात. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावायचा असेल तर बल्बवर तसं लिहिलंय का ते बघून घ्या, साधे एलईडी त्यावर लुकलुकतात. एक पांढरी ट्यूब मात्र ठेवलीय. मंद पिवळ्या उजेडात सुईत दोरा ओवून बघा, मग कळेल का.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी दिवे, मगच कापड आणि रंग. एकच कापड दोन उजेडांत दोन रंगांचं दिसतं, त्यामुळे नमुना घरी आणून रात्री बघितल्याशिवाय काही घेऊ नये.

पडद्यांबद्दल मी समाधानी आहे. खरं काम कापडाने नाही, रॉडने केलं. चौकटीला चिकटून असलेला रॉड साधारण 15 सेंटीमीटर वर नेला आणि दोन्ही बाजूंना लांबवला. आता पडदे सरकवले की भिंतीवर जाऊन बसतात, काच पूर्ण उघडी राहते आणि खिडकी मोठी वाटते. कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट लागतं. त्यात काटकसर केली की चुण्या पडत नाहीत आणि दोरीवर चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. सात फुटी पडद्यात पाच टक्के म्हणजे चार इंचांहून जास्त! म्हणून आधी धुवा, मग खालची दुमड शिवा. जुनी भोकं पुट्टीने बुजवली, त्यावर त्याच शेडचा रंग लावला, तरी ठिगळ ओळखू येतं, कारण आजूबाजूचा रंग उतरलेला असतो. नवा पडदा ती जागा झाकतो, इतकंच.

सोफ्याचं ताणलं जाणारं कव्हर? ठीकठाक. बसक्या सीटचा आणि पाठीचा जोड असतो तिथून ते सारखं वर येतं. सोबत मिळणाऱ्या फोमच्या नळ्या खाचेत खोल दाबल्या तर दोन-तीन दिवस जागेवर राहतं, पाहुणे येणार असतील तेव्हा पुरतं. काही धुण्यांनंतर सोफ्याच्या हातांवर कापडाचे गोळे आले. ज्यांच्या सोफ्याच्या गाद्या सुट्या निघतात त्यांनी प्रत्येक गादीला वेगळा अभ्रा शिवून घ्यावा, या एकसंध कव्हरच्या वाटेला जाऊ नये. कुशनचं म्हणाल तर 40 सेंटीमीटरच्या अभ्र्यात 45 ची उशी घाला, कोपरे भरलेले दिसतात. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता वॉलपेपर. मागे चिकट थर असलेला, व्हिनाइलचा, मोठ्या पानांच्या नक्षीचा. कोरड्या, गुळगुळीत भिंतीवरचा भाग अजून जसाच्या तसा आहे. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर मात्र दमट दिवसांत कडा सुटल्या. व्हिनाइलमधून ओल बाहेर पडत नाही, ती मागेच कोंडते. तो पट्टा हेअर ड्रायरने ऊब देत, भिंतीलगत सावकाश ओढत काढला. डिंक फारसा राहिला नाही, पण जुना रंग जिथे भुसभुशीत होता तिथे त्याचे पोपडे सोबत आले. म्हणजे ‘डाग न पडता निघतो’ हे वाक्य भिंतीवर अवलंबून आहे, कागदावर नाही. एक लहान तुकडा कोपऱ्यात आठवडाभर चिकटवून, काढून बघा. भिंत नुकती रंगवली असेल तर तीन-चार आठवडे थांबा. आणि हो, ती मोठी पानं मला आताच जास्त वाटू लागलीत.

म्हणून आता मी किमतीसोबत दुसरंही बघते: उद्या हे नकोसं झालं तर काढायला काय पडेल? बल्ब दोन मिनिटांत निघतो. अभ्रा घडी करून ठेवता येतो. वॉलपेपर अर्धा दिवस आणि थोडी भिंत घेतो.

कपाटाचा रंग या हिशोबात सरळ नापास आहे. लॅमिनेटवर रंग धरावा म्हणून पॉलिश पेपरने चमक घालवली, गुळगुळीत पृष्ठभागांसाठीचा प्रायमर मारला, वर दोन पातळ हात दिले. हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला आठवडे जातात. तोवर वर जड वस्तू ठेवली की तिचा ठसा उमटतो. इतकं करूनही दाराच्या कडांना आणि जिथे रोज नखं लागतात तिथे तो उडालाय. त्याच कपाटाच्या खणांची हँडल बदलली, तो बदल जास्त उठून दिसतो. फक्त दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर मोजून न्या, बहुतेक वेळा 96 किंवा 128 मिलिमीटर असतं; जुळलं तर नवं भोक पाडावं लागत नाही. काढलेली हँडल स्क्रूंसकट पिशवीत घालून खणातच ठेवलीत. कपाट कधी कुणाला द्यायचं झालं तर ती परत बसवता येतील. लॅमिनेट मात्र आता परत मिळायचं नाही.